तीन ठिपके

सोमवार, ९ मार्च

हिने वही आणून दिली, सोबत जाड काळं पेन. म्हणाली, "आठवडाभर रोज एक चांगली गोष्ट लिहा. मग काय कुरकुर करायची ती करा, मी निमूट ऐकेन." मी म्हटलं, एवढ्या रुंद ओळींची वही पहिलीतल्या पोरांना देतात, मला कशाला? तर म्हणे दुकानात दुसरी नव्हती. दुकानात दुसरी वही नाही! काय दिवस आलेत.

आणि मी कुरकुर करतो म्हणजे काय करतो? जे आहे ते बोलतो. हल्लीच्या दिव्यांना दम नाही. पेपरवाले शाई वाचवतात, अक्षरं उमटतच नाहीत. जिन्यात अंधार असतो. खालच्या मजल्यावरचे म्हातारबुवा म्हणतात की मी ओळख दाखवत नाही. अरे, तुम्ही दाखवा की! बाथरूमच्या दाराची चौकट ओल धरून मधोमध फुगली आहे, सुताराला बोलाव म्हणून महिनाभर सांगतोय, ही नुसती "बघू" म्हणते. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई, रोग्यांच्या हाकेला धावत गेली असेल, नवऱ्याच्या नाही.

असो. चांगली गोष्ट. आज एकही काम परत आलं नाही. आजच कशाला, डिसेंबरपासून एकही नाही. डिसेंबरात दोन कवळ्या परत आल्या होत्या, दातांचा रंग चुकला म्हणून. एकेचाळीस वर्षं कवळ्या करतोय, असं कधी झालं नव्हतं. आठवडाभर घास गिळवत नव्हता मला. वर्कशॉपमध्ये तोंड दाखवायची लाज वाटत होती. पण नंतर गाडी रुळावर आली. हात आहे तो, विसरत नाही.

मंगळवार, १० मार्च

मुंगी सुधारली, ही आजची चांगली गोष्ट.

मुंगी म्हणजे वर्कशॉपमधली माझी जोडीदारीण. एकवीस वर्षांची असताना शिकायला आली, आता एक्केचाळीसची आहे. सतत काहीतरी उचलून इकडचं तिकडे करत असते म्हणून मुंगी. वीस वर्षांत ही बाई एक दिवस वेळेवर आली असेल तर शपथ. आणि गेले तीन महिने बघतोय, मी पोचायच्या आधी हजर! मशीन गरम, टेबल पुसलेलं, आदल्या दिवशीची माझी कामं पॉलिश करून डब्यांत भरून डॉक्टरीणबाईंकडे रवाना झालेली. त्यांचा दातांचा दवाखाना पुढे, आमचं वर्कशॉप मागे, मध्ये एक दार. ती पॉलिश कधी करते कोण जाणे. मी म्हटलं, "काय गं, सासूने घराबाहेर काढलं की काय सकाळी सकाळी?" हसली. "वय झालं काका, झोप लागत नाही."

एक्केचाळिसाव्या वर्षी वय झालं म्हणे. मग आम्ही काय लाकडं गोळा करायची?

डोळ्यांखाली काळं आलंय तिच्या असं ही म्हणाली. मला काही तसं दिसलं नाही.

बुधवार, ११ मार्च

आज चांगली गोष्ट शोधावी लागली नाही, स्वतःच्या पायांनी चालत आली. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई! ब्याऐंशी वर्षं. पाठ अजून ताठ. मला आधी आवाजावरून कळल्या.

"ठिपक्या, तू होय रे इथे?"

पन्नास वर्षांनी कोणी तरी त्या नावाने हाक मारली. माझ्या ब्रशमधून कागदावर कायम रंग गळायचा, म्हणून मी ठिपक्या. पुढे या धंद्यात आलो तेव्हा खूण म्हणून तेच ठिपके घेतले. माझ्या प्रत्येक कवळीला मागच्या कडेला, जिभेला लागणार नाहीत असे, सुईने टोचलेले तीन ठिपके असतात. तोंडात घालणाऱ्याला पत्ता नसतो. माझं मला ठाऊक असतं. बाईंना दाखवले तर त्यांना हसू आवरेना. वरचे दात नाहीत, तरी तोंड उघडून हसल्या.

येत्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये बाईंच्या चित्रांचं प्रदर्शन आहे. आयुष्यातलं पहिलं. चार शब्द बोलायचेत त्यांना. "जन्मभर पोरांना म्हटलं, तोंड उघडून स्पष्ट बोला. आता मीच बोळक्याने फसफस करू का? तुझ्याच हातचे दात हवेत मला. आणि पांढरेफेक नकोत हं. जुन्या पत्रांच्या कागदासारखे दे."

माप डॉक्टरीणबाईंनी गेल्या आठवड्यातच घेतलं होतं. राहिला रंग. आधी रंग ठरवायला पुढे दवाखान्यात मला बोलवायचे. जानेवारीपासून डॉक्टरीणबाई स्वतःच नंबर लिहून पाठवतात. शिकल्या म्हणायच्या एकदाच्या. पण बाईंचा रंग मी ठरवणार म्हटलं. नमुन्याचे दात ओठाशी धरले आणि याच बाईंनी आम्हाला मीठ, खडू, अंडं आणि कागद पांढऱ्या फडक्यावर मांडून रंगवायला लावलं होतं ते आठवलं. पांढरा रंग फक्त बाटलीत असतो, बाहेर कुठे नसतो, असं म्हणायच्या. एकेचाळीस वर्षं मी त्या एका वाक्यावर पोट भरलंय.

मी एक नमुना उचलला. मागून मुंगी म्हणाली, "काका, शेजारचा तुमच्या मनात आहे ना?" माझ्या मनातलंच बोलली. वीस वर्षांत निदान एवढं तरी शिकवलं मी.

गुरुवार, १२ मार्च

मुंगीशी वाजलं. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन उद्या, म्हणून रजा. घे की बाई, आईपेक्षा काय मोठं आहे! पण जाता जाता म्हणते, "बाईंचं काम राहू द्या, मी शनिवारी येऊन पूर्ण करते."

माझं डोकंच फिरलं. "तुझे दुधाचे दात पडत होते तेव्हा मी लोकांना दात बसवत होतो. माझ्या बाईंचं काम तू पूर्ण करणार?"

ती दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "निदान दात पट्टीवरून काढताना दिवा जवळ घ्या." दिवा जवळ घ्या! मला!

दुपारी एकट्यानेच दात लावायला घेतले. पुढचे दात सहा-सहाच्या संचात, मेणाच्या पट्टीला चिकटून येतात. पट्टीवर रंगाचा नंबर असतो. खणातून काढताना दोन पट्ट्या पडल्या आणि बारा दात फरशीभर. आकार एकच, रंग वेगळे. गुडघे टेकून वेचले. त्यातून बाईंचे सहा निवडले आणि मेणात बसवले. या निवडण्याला नवशिक्याला अर्धा दिवस लागला असता. मला दहा मिनिटं लागली. ही चांगली गोष्ट.

शुक्रवार, १३ मार्च

झालं! मेण काढून, साच्यात प्लास्टिक शिजवून, घासून, पॉलिश करून, ठिपके टोचून, सगळं एकट्याने. किती महिन्यांनी मी काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः केलं. अंगठा फिरवला तर लोण्यासारखं लागत होतं.

संध्याकाळी बाई आल्या. डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली. मी दारातच उभा होतो, अगदी निकालाच्या दिवसासारखा. बाईंनी आरसा घेतला. बराच वेळ बघत राहिल्या. डॉक्टरीणबाई काहीतरी बोलायला गेल्या तर बाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. माणसाला काय जिव्हाळा असतो! डॉक्टरीणबाईंशी ओळख तरी किती दिवसांची?

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगदी बसलेत रे. कुठे म्हणून टोचत नाहीत."

"रंग, बाई?"

"जुन्या पत्रांसारखा," म्हणाल्या आणि डोळे पुसले.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. सांगताना मलाच भरून आलं. चांगली गोष्ट कुठली ते वेगळं लिहायला नको.

रविवार, १५ मार्च

प्रदर्शनाला जाऊन आलो. हॉल भरला होता. ही माझा दंड धरून एकेका चित्रापुढे नेत होती. एका चित्रापुढे मी म्हटलं, "हा कागद कोराच टांगलाय की काय?" ही म्हणाली, "नाही हो. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरं कापड वाळत घातलंय. सुरेख आहे." तिथला दिवा बरोबर नव्हता, नाहीतर दिसलं असतं.

बाई बोलल्या. चांगलं बोलल्या. फक्त सगळा वेळ तोंडावर हात होता. आवाज अडत होता, मागच्या रांगेतून कुणी तरी "ऐकू येत नाही" म्हणालं. वर्गात आम्ही तोंडावर हात धरला तर बाई पट्टी आपटायच्या. म्हातारपणी माणूस लाजरा होतो बहुतेक. पण मला ते खटकलं. का खटकलं ते कळत नाही.

परत येताना ही रस्त्यात रडली. चित्रांनी एवढी हलेल असं वाटलं नव्हतं. माझा हात सोडला नाही, ती चांगली गोष्ट.

सोमवार, १६ मार्च

आज मी तासभर आधी गेलो. म्हटलं मुंगीच्या आधी पोचू, तिच्या आईची चौकशी करू, गुरुवारचं भांडण मिटवू. जाताना तिला आवडतात ती बिस्किटं घेतली.

दार उघडंच होतं. मशीन चालू होतं, त्या आवाजात माझी चाहूल तिला लागली नाही. मी बिस्किटं ठेवायला फळीवरचा रिकामा डबा ओढला, तर तो रिकामा नव्हता. आत हात घातला. कवळ्या. एक काढली आणि सवयीने मागच्या कडेला नख नेलं. तीन ठिपके. दुसरी. तीन ठिपके. सगळ्या काढून टेबलावर मांडल्या. सतरा. सगळ्या माझ्या. एकेका कवळीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. तारखा जानेवारीपासूनच्या.

मशीन थांबलं.

"हे काय आहे गं?"

ती पुढे आली नाही. तिच्या हातात एक अर्धी पॉलिश झालेली कवळी होती. मी हात पुढे केला. तिने दिली. माप ओळखीचं होतं, टाळू ओळखीची होती. बाईंची. आणि मागच्या कडेला तीन ठिपके. माझे तीन ठिपके, मी न टोचलेले.

"मी केलेली तर बाईंच्या तोंडात आहे," मी म्हटलं. "मग ही कुणाची?"

"काका, बसा जरा."

"बसत नाही. बोल."

"चार दात एका आणि दोन दुसऱ्या रंगाचे लागलेत. समोरचेच. शुक्रवारी रात्री डॉक्टरीणबाईंचा फोन आला, रविवारच्या आत नवी होणं शक्य नव्हतं. बाईंना घासायच्या निमित्ताने बोलवून बदलून देणार होतो."

"आणि या सतरा?"

ती टेबलावरच्या कवळ्या इकडच्या तिकडे करू लागली.

"सकाळी लवकर येऊन हेच करतेस तू? तीन महिने?"

"डिसेंबरात दोन परत आल्या तेव्हा तुम्ही काय झालात ते मी पाहिलंय," ती म्हणाली. "काकूंनी चार वेळा डोळे दाखवा म्हटलं. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी म्हटलं. तुम्ही प्रत्येक वेळी दिव्यांना शिव्या दिल्यात. मग काय करायचं आम्ही?"

"आणि माझी खूण? ती घालायचा अधिकार कुणी दिला तुला?"

"नसती घातली तर कवळी हातात घेतल्या घेतल्या तुम्हाला कळलं असतं."

मी तिला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. चोर म्हणालो, तेवढं लिहितो, कारण ते मला विसरायचं नाही. बिस्किटं तिथेच टाकून घरी आलो. हिला विचारलं, "तुला ठाऊक होतं?" ही भाजी चिरत होती. मान खाली घालून म्हणाली, "हो." मग वहीकडे बोट करून म्हणाली, "ओळीसुद्धा मीच निवडल्या. दुकानात दुसऱ्या होत्या."

मागची पानं वाचली. भिंग लावून वाचली. एका आठवड्यातल्या सगळ्या चांगल्या गोष्टी. मुंगी लवकर आली. काम परत आलं नाही. माझ्या मनातलं बोलली. शरमेने मरायला झालं मला.

मंगळवार, १७ मार्च

काही नाही.

बुधवार, १८ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी जातो म्हटलं तर ही म्हणाली, वेळ गेल्या आठवड्यात सोमवारीच घेऊन ठेवलीय. बरोबर आजची. म्हणजे वही आणली तेव्हाच.

डॉक्टर तरुण आहे, शांत बोलतो. त्याने चौकटींचा एक कागद समोर धरला, मधल्या टिंबाकडे बघा म्हणाला. मधल्या रेघा फुगलेल्या होत्या. मी विचारलं, "कागद ओला झालाय का?" तो म्हणाला, "नाही. कागद चांगला आहे." मला त्याच क्षणी बाथरूमची चौकट आठवली.

डोळ्यामागचा पडदा मधोमध बिघडलाय. चष्म्याने जायचं नाही. इंजेक्शनं देऊन जेवढं आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं परत येणार नाही. आधी आला असतात तर, असं तो म्हणाला नाही. चांगला माणूस आहे.

घरी आल्यावर हिला दोरा आणायला सांगितला. तिने चौकटीच्या वरच्या टोकाला धरला, मी खाली ताणून बसलो आणि दुसरा हात लाकडावरून वरपासून खालपर्यंत फिरवला. मध्ये काही म्हणता काही नाही. सरळ होती. सुताराने किती नीट केली होती ती चौकट. मी तिथेच फरशीवर बसून रडलो. हिने दोरा गुंडाळला आणि माझ्या शेजारी बसली. "नर्स होते हो मी," म्हणाली, "तरी तुमच्या रागाला घाबरले. माझंही चुकलंच."

आजची चांगली गोष्ट: चौकट सरळ आहे.

गुरुवार, १९ मार्च

बाईंच्या घरी गेलो. ही सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं. पायऱ्या मोजत चढलो.

"बाई, ते दात परत द्या."

"का रे? छान आहेत."

"रंग चुकलाय. तुम्हाला आरशात बघताक्षणी दिसलं होतं."

बाईंचा हात पुन्हा तोंडाशी गेला. मग म्हणाल्या, "तू दारात असा उभा होतास, चौथीत चित्र दाखवायला उभा राहायचास ना, तसाच. माझ्याच्याने बोलवेना."

"चौथीत तुम्ही मला सांगितलं असतंत. कागद फाडून दुसरा दिला असतात."

"हो," म्हणाल्या, "तेव्हा तुझं अजून सगळं व्हायचं होतं. आता वाटलं, याच्या हातून काढून घेणारी मी कोण? माझंच चुकलं. भाषण हाताआड केलं, पोरांना जे कधी करू दिलं नाही ते."

मी सांगितलं, "बाई, मला पांढऱ्यातला पांढरा आता दिसत नाही. दिसणारही नाही." पहिल्यांदाच मोठ्याने बोललो हे. खोलीत कुठेही काही पडलं नाही, फुटलं नाही. बाईंनी आत जाऊन कवळी काढली, धुऊन रुमालात गुंडाळून आणून दिली. बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "आता काय करशील?"

माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

शनिवार, २१ मार्च

काल पानभर लिहिलं आणि फाडलं. आज लिहितो.

काल सकाळी मुंगीच्या पुढ्यात जाऊन बसलो आणि म्हटलं, "चोर म्हणालो ते माझे शब्द मी परत घेतो. माझ्या तोंडाला काही धरबंद नाही, माफ कर." ती म्हणाली, "बरं." तेवढंच. अजून दुखावलेली आहे, आणि तिने असावंच. आईचा गुडघा कसा आहे विचारलं. बरा आहे.

मग बाईंची नवी कवळी मागून घेतली आणि ठिपके घासून काढले. तिला सुई दिली. "तुझी खूण घाल." वीस वर्षं काम करते बाई, स्वतःची खूण नाही. माझ्या हाताखाली होती ना. बराच वेळ विचार करून तिने एक बारीक आडवी रेघ ओढली. "शेजारी तुमचे ठिपके घालू का?" मी म्हटलं, "नाही. काम तुझं आहे."

ठरलं ते असं. रंग बघायचा तो तिने. दात निवडायचे ते तिने. घासणं, बसवणं, कड मऊ करणं माझं. त्याला डोळे लागत नाहीत, अंगठा लागतो. आणि माझं काम चुकलं तर मला सांगायचं, तोंडावर, त्याच दिवशी. आणखी किती वर्षं चालेल हे? डॉक्टरला ठाऊक नाही, मला तर नाहीच. रात्री भीती वाटते. हिला तसं सांगितलं, तर ही म्हणाली, "मलाही वाटते." मग बरं वाटलं, का कोण जाणे.

आज बाई येऊन नवे दात घालून गेल्या. मला रंग दिसला नाही, पण त्या बोलत होत्या तेव्हा आवाज मोकळा येत होता. हात तोंडावर नव्हता. वाचनालयवाल्यांनी पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंय त्यांना. या वेळी मी मागच्या रांगेत बसणार आहे.

दुपारी एका खालच्या कवळीचं काम हातात होतं. घासून, अंगठा फिरवून, खुशीत मुंगीच्या टेबलावर नेऊन ठेवली. पाच मिनिटांनी ती उठून आली. माझ्या टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. हात नेला तर तीच कवळी, दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. मोठ्या, जाड, काळ्या अक्षरांत, मला वाचता येतील अशा: डावा सुळा उंच आहे. पुन्हा करा.

मी तिच्याकडे वळलो. चेहरा नीट दिसला नाही. "बघू," म्हटलं, आणि घासायला घेतली.

चांगली गोष्ट: आज माझं एक काम परत आलं.